तीन तास वीस मिनिटे

ब्रॉडवेच्या नाट्यगृहांत तिकीटखिडकीपाशी किंवा आत शिरताना एक लहानशी पाटी दिसते. नाटक किती वेळ चालेल आणि मध्यंतरे किती, एवढाच तिच्यावरचा मजकूर. बहुतेक पाट्यांवर दीड ते अडीच तासांचा आकडा असतो, अलीकडे तर मध्यंतर नसल्याचेही पुष्कळदा लिहिलेले असते. रांगेतली माणसे तिच्यावर ओझरती नजर टाकून पुढे सरकतात. मधूनच एखादे असे नाटक येते की त्याच्या पाटीशी पावले थबकतात. तीन तास वीस मिनिटे, दोन मध्यंतरे. काहींच्या कपाळाला आठी पडते, काहींचा चेहरा खुलतो. चेहरा खुलणाऱ्यांना तो आकडा आधीपासून पाठ असतो. ते कित्येक महिने या नाटकाची वाट पाहत असतात.

नवे नाटक थेट ब्रॉडवेवर क्वचितच जन्माला येते. ते शिकागोच्या एखाद्या नाट्यसंस्थेत, लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये किंवा न्यूयॉर्कमधल्याच दीड-दोनशे खुर्च्यांच्या सभागृहात उभे राहते. तिथे ते गाजले की निर्माते जमतात, पैसा उभा करतात आणि रिकाम्या नाट्यगृहाच्या शोधाला लागतात. ब्रॉडवेची म्हणून गणली जाणारी नाट्यगृहे अवघी ४१, त्यांतली बहुतेक दोन-तीन मालकांकडे. एखादा संगीतमय खेळ तिथे वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेला असतो. तेव्हा नव्या नाटकाला कुणाचा तरी गाशा गुंडाळला जाण्याची वाट पाहावी लागते. या स्थलांतराला तिकडे ‘ट्रान्सफर’ म्हणतात. नाटक गाजल्याची बातमी आणि ब्रॉडवेवरची पहिली घंटा यांच्यामध्ये काही महिने जातात, कधी वर्ष-दीड वर्षही जाते. त्या काळात नाटकवेड्या माणसाजवळ नाटक नसते, नाटकाची वार्ता असते. कुणीतरी विमानाने जाऊन ते पाहून आलेला असतो. त्याचे सांगणे, एखादे परीक्षण, दोन-चार छायाचित्रे एवढ्या सामग्रीवर प्रत्येक जण मनात आपापला प्रयोग उभा करत राहतो.

नाटक लांबलचक असेल तर या वाट पाहण्यात काळजीही मिसळते. ब्रॉडवेला लांबीचा धाक आहे, आणि तो अकारण नाही. आठवड्याला आठ प्रयोग हा तिथला शिरस्ता, म्हणजे दोन दिवस दुपारी आणि रात्री असे दोन-दोन खेळ. दुपारी दोनला सुरू झालेले साडेतीन तासांचे नाटक साडेपाचला संपते आणि नटांना रात्रीच्या प्रयोगासाठी दोन-अडीच तासांत पुन्हा रंगायचे असते. ठरलेल्या वेळेपलीकडे प्रयोग गेला की कामगारांचा जादा भत्ता सुरू होतो. ‘ले मिझराब्ल’सारख्या तुफान चाललेल्या संगीत नाटकालाही ब्रॉडवेवर बरीच वर्षे झाल्यावर कात्री लावून तीन तासांच्या आत बसवले गेले ते याच हिशेबापोटी. प्रेक्षकांचाही हिशेब असतोच. पेन स्टेशनवरून सुटणारी उशिराची गाडी पकडून लाँग आयलंडला किंवा न्यू जर्सीला परतणारे लोक शेवटच्या अंकात घड्याळाकडे पाहू लागतात. एडिसन, मेट्रोपार्कच्या बाजूला राहणाऱ्या मराठी मंडळींनाही ही धावपळ चुकत नाही; तीन अंकी नाटकांवर पोसलेल्या पिढीला तीन तासांचे मात्र काही वाटत नसावे. तर लांब नाटकाच्या चाहत्याला धास्ती असते ती एवढीच, की आपल्यापर्यंत येईतो हे नाटक अख्खे राहील ना.

ही धास्ती जुनी आहे, आणि तिला खोटे पाडणारी नाटकेही जुनी आहेत. जानेवारी १९२८ मध्ये युजीन ओ’नील यांचे ‘स्ट्रेंज इंटरल्यूड’ न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आले. नऊ अंक. पात्रे एकमेकांशी बोलत आणि मनातले विचारही मोठ्याने बोलून दाखवत, त्यामुळे प्रत्येक प्रसंग दुप्पट लांबे. पडदा पाच वाजून गेल्यावर वर जाई, मध्ये जेवणाची सुट्टी होई, आणि नाटक संपेतो अकरा वाजून जात. असे नाटक चार दिवसांत गुंडाळले जाईल, असे वाटण्याजोगाच तो काळ होता. त्याचे ४२६ प्रयोग झाले. १९२९ मध्ये बॉस्टनच्या महापौरांनी त्यावर बंदी घातली तेव्हा नाटक शेजारच्या क्विन्सी गावी हलले आणि बॉस्टनचे प्रेक्षक तिथे लोटले. जेवणाच्या सुट्टीत ते नाट्यगृहाजवळच्या हॉवर्ड जॉन्सन यांच्या उपाहारगृहात शिरत. पुढे अमेरिकाभर शाखा पसरलेल्या त्या उपाहारगृहाच्या भरभराटीला या नाटकाचा हातभार लागला. नाटकाच्या लांबीने कुणाचे तरी दुकान चालावे, ही नाट्येतिहासातली फार गोड नोंद आहे.

१९८१ मध्ये इंग्लंडच्या रॉयल शेक्सपिअर कंपनीने डिकन्सच्या कादंबरीवरचे ‘निकोलस निकल्बी’ प्लिमथ थिएटरमध्ये आणले. दोन भाग मिळून साडेआठ तास, आणि तिकीट १०० डॉलर. त्या काळी ब्रॉडवेवर हा आकडा ऐकून लोकांनी डोळे विस्फारले. तरीही लंडनहून आलेली कीर्ती अशी होती की तिकिटे खपली. एका दिवसात दोन्ही भाग पाहणारे दुपारी आत शिरत आणि रात्री बाहेर पडत. प्रयोगाआधी नट प्रेक्षकांत मिसळून गप्पा मारत. साडेआठ तास ज्यांच्या सहवासात काढायचे त्यांची आधी ओळख करून घेणे ही साधी माणुसकी म्हणायची. खरा आनंद आणखी एका गोष्टीत होता. शेजारच्या खुर्चीवरचा अनोळखी माणूस दुसऱ्या भागापर्यंत ओळखीचा होऊन जाई. जेवून परतल्यावर तो जागेवर दिसला नाही तर चुकल्याचुकल्यासारखे व्हावे, इतका.

टोनी कुशनर यांच्या ‘एंजल्स इन अमेरिका’ने वाट पाहणे नाटकाच्या पोटातच घातले. पहिला भाग मे १९९३ मध्ये वॉल्टर कर थिएटरमध्ये आला. त्याला पुलित्झर पारितोषिक ब्रॉडवेवरच्या शुभारंभाआधीच मिळाले होते. एड्सने माणसे जात होती आणि हे नाटक त्याच माणसांविषयी होते. पहिल्या भागाच्या अखेरीस आजारी तरुणाच्या खोलीचे छत फोडून देवदूत खाली उतरते आणि पडदा पडतो. दुसरा भाग आला नोव्हेंबरमध्ये. म्हणजे न्यूयॉर्कच्या पहिल्या प्रेक्षकांनी ते देवदूत सहा महिने तसेच अधांतरी सांभाळले. प्रेक्षागृहात बसलेल्या कित्येकांना पुढचा भाग बघायला आपण असू की नाही, याचीही खात्री नसणार. नाटकाची वाट पाहण्याला इतका जिवावरचा अर्थ एरवी क्वचितच आला असेल.

काहींचे वाट पाहणे अभ्यासू असते. टॉम स्टॉपर्ड यांची ‘द कोस्ट ऑफ युटोपिया’ ही एकोणिसाव्या शतकातल्या रशियन विचारवंतांवरची नाट्यत्रयी लंडनहून २००६ च्या हिवाळ्यात लिंकन सेंटरला आली. तिन्ही नाटके मिळून सुमारे नऊ तास. हर्झेन कोण, बकुनिन कोण, बेलिन्स्की कशाने गेला, हे आधी ठाऊक असावे म्हणून प्रेक्षक पुस्तकांच्या दुकानांत शिरले. आयझाया बर्लिन यांचे ‘रशियन थिंकर्स’ हे जुने पुस्तक न्यूयॉर्कमध्ये मिळेनासे झाले. परीक्षेच्या भीतीने वाचणारे पुष्कळ असतात. नाटक नीट कळावे म्हणून वाचणारी माणसे ज्या शहरात एवढी निघतात, ते शहर लांब नाटकाच्या लायकीचे म्हणावे लागते.

नव्या, लांब नाटकाची वाट पाहणे म्हणजे काय असते, हे २००७ सालाइतके ठळकपणे क्वचितच दिसले असेल. त्या उन्हाळ्यात शिकागोच्या स्टेपनवुल्फ थिएटरने ट्रेसी लेट्स यांचे ‘ऑगस्ट: ओसेज काउंटी’ रंगमंचावर आणले. स्टेपनवुल्फ म्हणजे नटांनी मिळून चालवलेली संस्था. सत्तरच्या दशकात हायलंड पार्क उपनगरात एका चर्चच्या तळघरात तिची सुरुवात झाली. तिथले नट वर्षानुवर्षे एकमेकांसोबत काम केलेले. अशांनीच उभे करावे असे हे नाटक होते. ओक्लाहोमातल्या पॉहस्का गावाबाहेरचे घर, ऑगस्टचा उकाडा, घरातला म्हातारा कवी एके दिवशी नाहीसा होतो आणि तिन्ही मुली नवरे, मुले, मित्र यांच्यासह तिथे गोळा होतात. त्यांची आई व्हायोलेट तोंडाच्या कर्करोगाने आणि त्याहून अधिक गोळ्यांच्या व्यसनाने पोखरलेली आहे, आणि तिची जीभ सुरीसारखी चालते. पात्रे तेरा, अंक तीन. लेट्स यांच्या स्वतःच्या घराण्यातले दुःख त्यात होते. त्यांच्या आजोबांनी पाण्यात जीव दिला होता आणि आजी गोळ्यांच्या आहारी गेली होती. नाटकाचे नाव त्यांनी आपले जुने स्नेही, कवी हॉवर्ड स्टार्क्स यांच्या एका कवितेवरून घेतले.

नेपथ्यकार टॉड रोझेंथल यांनी रंगमंचावर तीन मजली घर उभे केले होते. समोरची भिंत नाही, त्यामुळे खाली जेवणघरात भांडण पेटलेले असताना वरच्या मजल्यावर कोण जागे आहे हेही दिसे. माळ्यावरच्या खोलीत जॉना राहते, म्हाताऱ्याने जाण्याआधी कामाला ठेवलेली शायेन जमातीची तरुणी. खाली घर फाटत जाते, वर ती वाचत बसलेली असते. दुसऱ्या अंकात अंत्यविधीहून परतलेले कुटुंब जेवायला बसते. वाट्या फिरतात, प्रार्थना म्हटली जाते, आणि व्हायोलेट टेबलावरच्या एकेकाला निवडून त्याची लक्तरे काढू लागते. हा प्रसंग लांब आहे, आणि तो तसाच असावा लागतो. प्रेक्षकाला वाटते, आता ही थांबेल. ती थांबत नाही. आधी हसू येते, मग हसण्याची लाज वाटते, मग थोरली बार्बरा आईच्या अंगावर धावून जाते आणि गोळ्यांची बाटली हिसकावते. याच्या निम्म्या वेळात हे आटपले असते तर ते नुसते भांडण झाले असते. नाटकाला तीन तास वीस मिनिटे का लागतात, याचे उत्तर त्या टेबलाशी बसून मिळे.

शिकागोत ऑगस्टअखेर प्रयोग थांबले, पण नाटक ब्रॉडवेला जाणार हे एव्हाना ठरले होते. नाटकवेड्यांच्या गप्पांत त्या शरदात काय काय येत असेल, याचा अंदाज करणे अवघड नाही. नट तेच राहतील का? एखादी चित्रपटातली तारका घुसडतील का? नव्या नाटकावर पैसा लावणारे निर्माते नामवंत चेहरा मागतात, आणि व्हायोलेटची भूमिका म्हणजे नामवंतांना मोह पडावा अशीच. इथे मात्र निर्मात्यांनी धीर दाखवला. डियाना डुनागन, एमी मॉर्टन, रॉन्डी रीड, ही शिकागोची मंडळी न्यूयॉर्कला आली, दिग्दर्शिका अ‍ॅना शपिरो याच राहिल्या. दुसरी शंका जागेची होती. स्टेपनवुल्फचे सभागृह पाचशेच्या आसपास खुर्च्यांचे, तर ब्रॉडवेवर मिळालेले ४५ व्या रस्त्यावरचे इम्पिरियल थिएटर चौदाशेच्या घरातले, एरवी संगीतिकांचे माहेर. तिथल्या बाल्कनीतून व्हायोलेटचा गोळ्यांनी जडावलेला उच्चार ऐकू येईल का? शंका रास्त होती. पण घर तीन मजल्यांचे असल्याने ते त्या उंच रंगमंचावर जणू पहिल्यांदाच पुरते मावले.

आणि मग संप झाला. ऑक्टोबरअखेर प्रिव्ह्यू, म्हणजे शुभारंभाआधीचे प्रयोग, सुरू झाले होते, २० नोव्हेंबरला शुभारंभ ठरला होता. १० नोव्हेंबरला, शनिवारी, रंगमंच कामगारांच्या संघटनेने काम थांबवले आणि ब्रॉडवेचे बहुतेक दिवे मालवले गेले. शनिवारचे खेळ बघायला आलेली कुटुंबे बंद दारांसमोर उभी राहिली. तो संप १९ दिवस चालला. मोठ्या, जुन्या खेळांना ही विश्रांती परवडली असेल. नव्या नाटकाला, ज्याचे नाव अजून शहराच्या तोंडी बसायचे आहे, असा खंड मारकही ठरतो. तेरा नट परक्या शहरात नाटक अंगात भिनलेले घेऊन बसून होते. त्यांतले एक डेनिस लेट्स, म्हणजे नाटककाराचे वडील. ते ओक्लाहोमात इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि अभिनयाकडे उशिरा वळले होते. नाटकात ते नाहीसा होणारा म्हातारा कवी साकारत. ब्रॉडवेला येण्याआधीच त्यांना फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान झाले होते. तरी ते आले. त्यांचे काम पहिल्या प्रवेशापुरते, पुढे संपूर्ण नाटकभर त्यांची रिकामी जागा दिसत राहते. नोव्हेंबरचे ते १९ दिवस या माणसाच्या हिशेबात केवढे मोठे असतील, याची प्रेक्षकांपैकी फार थोड्यांना कल्पना असेल.

४ डिसेंबर २००७ ला शुभारंभ झाला. परीक्षणे अशी आली की पुढची वाट पाहणे तिकिटासाठीच्या रांगेत सुरू झाले. डेनिस लेट्स जवळजवळ अखेरपर्यंत काम करत राहिले आणि फेब्रुवारी २००८ मध्ये गेले. एप्रिलमध्ये नाटकाला पुलित्झर मिळाले, जूनमध्ये उत्कृष्ट नाटकासह पाच टोनी पारितोषिके. मुक्काम इम्पिरियलवरून त्याच रस्त्यावरच्या म्युझिक बॉक्समध्ये हलला आणि नाटक जून २००९ पर्यंत चालले. मधल्या काळात व्हायोलेटची भूमिका ऐंशी वर्षांच्या एस्टेल पार्सन्स यांनी घेतली. त्या घराचे जिने आठवड्यातून आठ प्रयोग चढत-उतरत राहिल्या. आधी डुनागन यांना पाहून गेलेले प्रेक्षक त्यांच्यासाठी पुन्हा आले, पुन्हा तेवढाच वेळ बसले. लांबीचा धाक ज्याला म्हणतात तो या माणसांना नव्हताच.

सगळ्याच प्रतीक्षा अशा फळाला येत नाहीत. मॅथ्यू लोपेझ यांचे ‘द इन्हेरिटन्स’ २०१८ मध्ये लंडनमध्ये भरभरून वाखाणले गेले. दोन भागांचे, साडेसहा तासांच्या आसपासचे, न्यूयॉर्कच्या समलिंगी पुरुषांच्या पिढ्यांचे नाटक. ते आपल्या शहराचे आहे आणि आपल्या शहरात येणार आहे, या भावनेने न्यूयॉर्करांनी त्याची वाट पाहिली. नोव्हेंबर २०१९ मध्ये ते आले. पहिल्या भागाच्या शेवटाला प्रेक्षागृहात हुंदके ऐकू येत, तरी धंदा जेमतेमच झाला आणि मार्च २०२० मध्ये नाटक उतरले. पुढे त्याला उत्कृष्ट नाटकाचे टोनी मिळाले, पण तेव्हा बघायला जाण्याजोगा प्रयोग उरला नव्हता. त्याच मार्चमध्ये ‘द लेमन ट्रिलॉजी’चे प्रिव्ह्यू सुरू झाले होते. स्तेफानो मासिनी यांचे हे नाटक एका सावकारी घराण्याच्या तीन पिढ्या तीनच नटांकडून साडेतीन तासांत उभ्या करते. हे प्रिव्ह्यू जेमतेम चार-पाच दिवस झाले आणि १२ मार्चला महामारीने ब्रॉडवे बंद केले. शुभारंभ झाला तो १४ ऑक्टोबर २०२१ ला. तिघांपैकी एक नट दरम्यान बदलला होता, प्रेक्षक मुखपट्ट्या लावून बसले होते. दीड वर्ष घरात कोंडलेल्या माणसांना साडेतीन तास अनोळखी लोकांच्या खांद्याला खांदा लावून बसायचे होते. त्या दिवसांत नाटकाच्या लांबीबद्दल तक्रार करणे कुणाला सुचले असेलसे वाटत नाही.

अलीकडचे उदाहरण डेव्हिड अ‍ॅजमी यांच्या ‘स्टीरिओफोनिक’चे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते न्यूयॉर्कच्याच प्लेराइट्स होरायझन्सच्या दोनशेहून कमी खुर्च्यांच्या सभागृहात आले. ब्रॉडवेच्या गोल्डन थिएटरपर्यंतचे अंतर तीन रस्त्यांचे. ते कापायला नाटकाला एप्रिल २०२४ उजाडला. १९७६ साली एक रॉक बँड स्टुडिओत गाणी ध्वनिमुद्रित करतो, एवढेच त्याचे कथानक. रंगमंचावर पुढे ध्वनिमुद्रणाचे लांबरुंद यंत्र, मागे काचेपलीकडे वादकांची खोली. कॉफीचे यंत्र बिघडलेले आहे, झोप कुणाची झालेली नाही, आणि एकाच सुरासाठी गायिकेला पुन:पुन्हा गायला लावले जाते. गाणे जमत नाही, माणसे तुटत जातात, मग अचानक एकदा ते जमते आणि प्रेक्षागृहात रोमांच उठतो. तो रोमांच उठायचा तर आधीच्या सगळ्या फसलेल्या खेपा प्रेक्षकानेही सोसलेल्या असाव्या लागतात. छोट्या सभागृहात नाटक पाहिलेल्यांना हीच काळजी होती, की मोठ्या जागेत जाताना मधली शांतता, निरर्थक वाटणारी कुजबूज, पाने चाळत बसलेली माणसे हे सारे कापले जाईल. ते राहिले. सातही नट तेच राहिले. तीन तासांवर चालणाऱ्या या नाटकाला टोनीची १३ नामांकने मिळाली, आजवर कुठल्याही नाटकाला मिळालेली सर्वाधिक.

विल बटलर यांनी नाटकासाठी रचलेली गाणी त्याच वर्षीच्या मे महिन्यात स्वतंत्र ध्वनिमुद्रिका म्हणून बाहेर पडली. २०२५ च्या उन्हाळ्यात नाटक उलट्या दिशेने, अटलांटिक ओलांडून लंडनच्या वेस्ट एंडला गेले, तोवर तिथल्या उत्सुक प्रेक्षकांनी ती गाणी वर्षभर ऐकलेली होती. सूर त्यांना पाठ होते. ते तिकीट काढून गेले ते ध्वनिमुद्रिकेत नसलेल्या उरलेल्या दोन-अडीच तासांसाठी.